दोन टक्क्यांचे पुण्य

कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. ताळेबंदाच्या आधी, गुळगुळीत कागदावर, शाळेच्या नव्या बाकावर बसलेली एक मुलगी हसत असते. पान उलटले की रोप लावणारे अधिकारी, आणखी एक पान उलटले की फिरता दवाखाना, आणि कोपऱ्यात खर्चाचा कोटींतला आकडा. मुलगी खरी, बाक खरा, खर्चही बहुतेक वेळा खराच असतो. खोटी आहे ती या पानांमागची समजूत: एवढे केले की समाजाचे देणे फिटले. ही समजूत एकट्या कंपन्यांनी रुजवलेली नाही. सरकारने तिला कायद्याचे रूप दिले, वर्तमानपत्रांनी तिच्यासाठी पुरस्कार ठेवले, संस्थांनी देणगीदारांच्या पाट्या लावल्या आणि आपण मध्यमवर्गीयांनी टाळ्या वाजवल्या. म्हणून या लेखातला आरोप कंपन्यांवर आहे तेवढाच आपल्यावरही आहे.

आधी कायदा पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. कशावर करायची त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे: शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, खेळ, वारसा वगैरे. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला खर्च यात धरता येत नाही, आणि निव्वळ आपल्याच कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्चही नाही. हिशेब म्हणून हे योग्यच आहे. नाहीतर उद्या कंपन्यांनी पगारसुद्धा समाजकार्यात दाखवले असते. पण त्याचा नैतिक परिणाम भलताच झाला. धंदा जिथे संपतो तिथून सामाजिक जबाबदारी सुरू होते, असे सगळ्यांनी धरून घेतले. नफा मिळवला कसा, हा प्रश्न त्या जबाबदारीच्या बाहेरच राहिला.

शंभर रुपयांतले दोन कुठे गेले याचे फोटो निघतात. ते शंभर आले कुठून, हे पाहायचे तर साखळी धरून खाली उतरावे लागते. आपण एकच साखळी धरू, कारण ती आपल्या राज्यातली आहे आणि तिचे दुसरे टोक आपल्या चहाच्या कपात आहे. ती साखरेची.

महाराष्ट्रात दर हंगामात सुमारे २०० साखर कारखाने चालतात. त्यांना ऊस पुरवण्यासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव, नगरचा पूर्व भाग इथून काही लाख माणसे घर बंद करून निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, काही जण थेट कर्नाटकात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्यावर सोपवलेली काही पोरे. निघण्याआधी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. ही उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. या जोडीला म्हणतात 'कोयता', आणि मुकादमाच्या वहीत नोंद असते तीही इतके कोयते अशीच.

फडातला एक दिवस पाहा. पहाटे चारला कोपीसमोर चूल पेटते. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर ताडपत्री टाकून केलेले, वाकून आत शिरायचे खोपटे. भाकरी फडक्यात बांधून अंधारातच फडात उतरायचे. गडी बुडख्यात कोयता घालतो. बाई पाचट काढते, वाढे छाटते, मोळी बांधते. दिवसाकाठी दोघांनी मिळून दीड-दोन टन. मग वाहन आले की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे आणि गाडी भरायची; वाहन रात्री अकराला आले तर रात्री अकराला. तान्हे मूल बांधावर साडीच्या झोळीत असते आणि त्याची राखण करायला शाळा सोडून आलेली आठ-नऊ वर्षांची बहीण. संडास नाही. न्हाणीला आडोसा नाही. पाणी शेतमालकाच्या मर्जीवर. जानेवारी २०२४ मध्ये, आंदोलन झाल्यावर, तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये ठरला. दोन टनांचे ७३२ रुपये दोघांत वाटा आणि बारा तासांनी भागा, म्हणजे माणशी तासाला तीस रुपयांच्या आसपास हातात येतात. आणि तेही हातात येत नाहीत, उचलीत वळते होतात. एक दिवस काम बुडाले तर तो खाडा. खाड्याला पाचशे ते हजार रुपये दंड. ताप आला तरी खाडा, पाळीत उभे राहवत नसले तरी खाडा, पोट पडले तरी खाडा.

लग्न सोळाव्या वर्षी उरकलेले, विशीत दोन-तीन बाळंतपणे झालेली, अंगावरून जात असताना डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या. अशी बाई हंगाम संपल्यावर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. डॉक्टर सांगतो, पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. ती पुन्हा मुकादमाकडून उचल घेते आणि पिशवी काढून टाकते. पाळी गेली म्हणजे खाडा गेला. २०१९ मध्ये हा प्रकार चव्हाट्यावर आला तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक. त्याच सुमारास देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

आता विचारा, या बाईचा मालक कोण?

शेतकरी म्हणतो, मी कारखान्याला ऊस दिला, तोडायला कोण आले ते मला काय ठाऊक. कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक कंत्राटदाराशी आहे. कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी स्वतः कर्ज काढून उचल वाटली आहे, पळून गेलेल्या कोयत्यांचे पैसे मीच भरतो. साखर घेणारी कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याकडून पोते घेतो, फड आमचा नाही. प्रत्येकाच्या हातात कागद आहे आणि प्रत्येकाचा कागद कायदेशीर आहे. पैसा या साखळीतून वर चढतो तेव्हा त्याला एकही अडथळा लागत नाही. जबाबदारी वर चढू लागली की प्रत्येक पायरीवर करार आडवा येतो. मोठ्या उद्योगांनी गेल्या शंभर वर्षांत जे अनेक शोध लावले त्यांतला सर्वांत फायद्याचा शोध हाच आहे.

कारखान्याचे म्हणणे त्याच्याच वहीतून खोटे ठरते. शेतकऱ्याला उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत देताना कारखाना त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापून घेतो. म्हणजे टनामागे तोडणीला किती पैसे गेले ते त्याला रुपया-पैशांत माहीत असते. कोणत्या गटातला ऊस कोणत्या दिवशी तोडायचा ते त्याचा शेतकी विभाग ठरवतो, टोळी कोणत्या फडात उतरवायची ते त्याची चिटबॉय यंत्रणा सांगते, वजन त्याच्या काट्यावर होते. काम त्याचे, वेळ त्याची, काटा त्याचा. फक्त माणूस त्याचा नाही! हजेरीपटावर तिचे नाव नाही, म्हणून ती मेली तरी कारखान्याच्या दप्तरात एकही ओळ बदलत नाही.

कायद्याला हे मान्य नव्हते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने सांगितले होते की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालकाने ती द्यावी. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेच्या मोबदल्यात माणसाचे काम सोडण्याचे किंवा हिंडण्या-फिरण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणे हा गुन्हा ठरवला. १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हे संविधानाच्या कलम २३ खाली सक्तीचे श्रम ठरवले. हे सगळे लिहून ठेवलेले आहे. तरी उचल न फिटल्यामुळे मजुराला अडकवून ठेवल्याच्या, डांबल्याच्या बातम्या दर हंगामात येतात आणि आपण त्या 'मारहाण' या सदरात वाचतो.

इथे कोणी म्हणेल की साखर कारखान्यांना मोठ्या कंपन्यांच्या पंक्तीत बसवणे अन्याय आहे, कारण त्यांतले कितीतरी सहकारी आहेत. उलट, मला तेच उदाहरण हवे आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला तेव्हा सावकाराच्या पाशातून शेतकऱ्याला सोडवणे हा त्यामागचा हेतू होता, आणि तो मोठा हेतू होता. त्या कारखानदारीने ग्रामीण महाराष्ट्राला शाळा दिल्या, अभियांत्रिकी महाविद्यालये दिली, इस्पितळे दिली. दोन टक्क्यांचा कायदा जन्मण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे कारखान्याच्या पैशातून समाजकार्य होत होते. पण ते सभासदाच्या मुलासाठी होते. ऊस लावणारा सभासद झाला, ऊस तोडणारी झाली नाही. कारखान्याच्या आवारात नेत्याचा पुतळा आहे, बाग आहे, विद्यार्थिनींचे वसतिगृह आहे. फडात संडास नाही. दानधर्म कितीही वाढला तरी तो न्यायाची जागा घेत नाही, याचा यापेक्षा ठसठशीत पुरावा दुसरीकडे शोधायची गरज नाही.

आणि वरची कडी? मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांनी मिळून केलेले शोधवृत्त प्रसिद्ध झाले. कोका-कोला आणि पेप्सी यांच्यासारख्या कंपन्यांना साखर पुरवणाऱ्या महाराष्ट्रातल्या साखळीत उचलीची बांधिलकी, बालविवाह आणि गर्भपिशव्या काढणे हे सगळे आहे, असे त्यात दाखवून दिले होते. बीडची बाई आपल्या वर्तमानपत्रांत पाच वर्षे आधीच येऊन गेली होती. पण जगातल्या बड्या कंपन्यांचे नाव तिच्याशी जोडायला आपल्याला परदेशी वार्ताहर लागले. या कंपन्यांकडे पुरवठादारांसाठी आचारसंहिता आहेत. बालमजुरी नको, सक्तीचे श्रम नकोत, हे त्यांत सुरेख इंग्रजीत छापलेले असते. त्या आचारसंहितेचे पान फडापर्यंत पोहोचत नाही, कारण ते पोहोचवायचे तर दर वाढवून द्यावा लागेल.

त्याऐवजी तपासनीस येतो. तोही पैसे घेऊन येतो, आणि ते पैसे ज्याला तपासायचे त्याच्याच बाजूने येतात. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार जळून-गुदमरून मेले. त्या कारखान्याला जेमतेम काही आठवड्यांपूर्वी 'एसए ८०००' हे कामगारहिताचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून १,१३४ माणसे गेली. त्यानंतर मात्र एक वेगळी गोष्ट घडली. कामगार संघटनांनी कपड्यांच्या परदेशी ब्रँडांना एका करारावर सह्या करायला लावल्या आणि तो करार कायद्याने बंधनकारक होता. दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. स्वतंत्र अभियंते कारखान्यांत शिरले, तपासणीचे निष्कर्ष जाहीर झाले, जिने आणि दारे दुरुस्त झाली. आचारसंहितेने जे वर्षानुवर्षे झाले नाही ते कोर्टात खेचले जाण्याच्या भीतीने झाले. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदाच केला: अतिमोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे माणसांचे हक्क तुडवले जात नाहीत ना हे पाहिलेच पाहिजे, नाही पाहिले तर त्या न्यायालयात उत्तरदायी.

आणि आपण? सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यातून पुढची पायरी म्हणून पुरवठादारांच्या साखळीची माहिती द्यायची वेळ आली, तेव्हा उद्योगांनी कुरकुर केली, मुदत वाढली आणि सक्तीचे ऐच्छिक झाले.

याची लाज अधिक वाटायला हवी, कारण नफा घेणाऱ्यानेच हानीची जबाबदारी घ्यावी हा विचार जगाला आपण शिकवू शकलो असतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. गॅस थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, गळती झाल्यास वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी सुटा केलेला होता. राजकुमार केसवानी नावाचा एक स्थानिक पत्रकार १९८२ पासून हा धोका छापत होता. अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग होते. नफ्यापुरती ती मालक होती, मृत्यूंपुरती ती परकी झाली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जून २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. मूळ कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतात खटल्याला कधी उभाच राहिला नाही. वाढीव भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

पण मधल्या काळात त्याच न्यायालयाने एक तत्त्व सांगून ठेवले होते. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या प्रकरणात १९८६ च्या डिसेंबरात सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने निकाल दिला. धोकादायक धंदा करून नफा कमावणाऱ्याने त्यातून झालेल्या हानीची भरपाई द्यायची. काळजी घेतली होती, चूक दुसऱ्याची होती, या सबबी ऐकल्या जाणार नाहीत. आणि कंपनी जितकी मोठी आणि श्रीमंत, तितकी भरपाई जास्त. हे तत्त्व टाक्या आणि वायूंसाठी सांगितले गेले. माणसाचे शरीर झिजवून चालणाऱ्या धंद्याला ते का लागू नये? जिचे गर्भाशय तुमच्या हंगामाच्या वेळापत्रकात बसले नाही म्हणून काढले गेले, तिची हानी गळतीहून कमी कशी?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की दर वाढवले तर साखर महाग होईल. होऊ द्या. किलोमागे दोन-चार रुपये वाचावेत म्हणून कोणाच्या तरी मुलीची शाळा सुटत असेल, तर ती स्वस्ताई नव्हे. ती आपण त्या पोरीकडून घेतलेली उचल आहे आणि ती आपण फेडत नाही. दुसरा आक्षेप असा की तोडणी यंत्रे आली की हा प्रश्न आपोआप संपेल. यंत्राने काम संपेल, अन्याय संपणार नाही. आज कोयता घेऊन राबणारी उद्या वीटभट्टीवर जाईल आणि तिथेही उचल आहेच.

सरकार हे का पाहत नाही, असे विचारणाऱ्यांनी त्याच कंपनी कायद्याचे आणखी एक कलम वाचावे. कलम १८२ राजकीय देणग्यांचे आहे. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच कंपनीने पक्षांना पैसे द्यावेत, अशी त्यात मर्यादा होती. २०१७ मध्ये ती काढून टाकली गेली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे सांगण्याची अटही गेली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांबरोबर हा बदलही रद्द केला. पण मधली सात वर्षे या देशाचा कायदा असा होता: समाजासाठी दोन टक्के, पक्षांसाठी वाटेल तेवढे. साखरेच्या बाबतीत तर देणगीचीही गरज पडत नाही. कारखान्याचा अध्यक्ष आणि आमदार हे पुष्कळदा एकाच घरात जेवतात, आणि त्यांत पक्षभेद नाही.

आता आपल्याकडे वळू. आपण म्हणजे हा लेख वाचणारे. आपल्यातल्या कोणाचा मुलगा त्या पेय कंपनीत मोठ्या पॅकेजवर आहे आणि लग्नाच्या बायोडाट्यात ते पॅकेज पहिल्या ओळीत आहे. आपल्या म्युच्युअल फंडाच्या हप्त्यातून त्या कंपनीचे शेअर आपण दर महिन्याला घेतो आणि परतावा कमी झाला तर रागावतो. पिशवी काढणारा डॉक्टर आपल्याच शाळेत पहिला आलेला असतो, आणि गणेशोत्सवात त्याचा सत्कार आपणच करतो. रस्त्याच्या कडेला कोप्या दिसल्या की आपण गाडीची काच वर करतो. आपल्या सोसायटीतल्या मोलकरणीने एक दिवस दांडी मारली तर तिचे पैसे कापणारे आपण, खाड्याच्या दंडावर संतापायला कोणत्या तोंडाने बसणार? मुकादमाला शिव्या देणे सोपे आहे. तो काळा, रापलेला, गावंढळ आहे. त्याच्या वर बसलेला शुभ्र सदऱ्यातला अध्यक्ष आणि त्याच्याही वर बसलेला टायमधला संचालक आपल्याला आपल्यातला वाटतो, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना आपला आवाज खाली येतो. आपल्या नीतीलाही जात आहे, आणि ती हुद्दा पाहून ठरते.

याच महाराष्ट्रात एकेकाळी असे नव्हते. गिरण्यांत लहान पोरे राबतात म्हणून सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थाने आवाज उठवला आणि गिरणीमालकांचा विरोध असूनही १८८१ चा फॅक्टरी कायदा झाला; सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. त्याने समाधान न मानता नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, अपघाताची भरपाई, एवढीच मागणी होती. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आज जो रविवार आपण मॉलमध्ये घालवतो तो कोणा कंपनीने दान दिलेला नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये निवृत्तिनिधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू केली, ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण बाकीच्या मालकांना ती भरपाई द्यायला लावली ती १९२३ च्या कायद्याने. चांगला मालक मिळणे हे कामगाराचे नशीब. कायदा हा त्याचा हक्क. आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा केला. त्या कायद्याला नव्वद वर्षे झाली तेव्हा बीडच्या पाहणीत १३,८६१ पिशव्या मोजल्या गेल्या.

म्हणून मागणी दानाची नको, हजेरीपटाची हवी. फडात उतरणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव, नवऱ्याच्या नावापासून वेगळे, कारखान्याच्या दप्तरी लागले पाहिजे, आणि तिची मजुरी तिच्या खात्यात गेली पाहिजे. उचल देणे बेकायदा ठरवून खाडा वसूल करणाऱ्यावर वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला पाहिजे, आणि आरोपींच्या यादीत मुकादमाच्या वर कारखान्याच्या कार्यकारी संचालकाचे नाव पाहिजे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले आहे. ते किती भरले आणि कुठे खर्च झाले हे गावनिहाय जाहीर झाले पाहिजे. साखर विकत घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीने आपली साखर कोणकोणत्या कारखान्यांची आहे हे छापले पाहिजे, आणि तिच्या साखळीत सक्तीचे श्रम सापडले तर भरपाई तिनेच दिली पाहिजे. १९८६ च्या निकालातले माप तिला लावा: जितकी मोठी, तितकी जास्त.

हे वरून कोणी करून देणार नाही. वाचकहो, तुमच्यातले जे कारखान्याचे सभासद आहेत त्यांना वार्षिक सर्वसाधारण सभेत बोलण्याचा हक्क आहे. जे भागधारक आहेत त्यांनाही आहे. या वर्षी त्या सभेला जा. साखरेच्या भेटीची पिशवी आणि भत्ता घेऊन परत येऊ नका. उभे राहा आणि एवढेच विचारा: आपल्या कारखान्यासाठी या हंगामात किती बायकांनी ऊस तोडला, त्यांची नावे काय, आणि त्यांतल्या किती जणींची पिशवी काढलेली आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.